केदारकंठा: सूर्योदयासाठी लागलेली रांग

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या हिवाळी ट्रेकमध्ये डेहराडूनहून पुरोला, मोरी, नेटवाड असा पायथ्याच्या सांकरी गावापर्यंतचा दिवसभराचा घाटरस्ता, सांकरीची लाकडी घरे, देवदारांतून जाणारी चढण आणि गोठलेल्या जुडा का तालाबाकाठचा मुक्काम हे सारे सुंदरच आहे. परंतु मला लिहायचे आहे ते शिखराखालच्या शेवटच्या उताराविषयी.

सुमारे १२,५०० फूट उंचीच्या केदारकंठ्यावर डिसेंबरअखेरीस येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटाला सूर्योदय माथ्यावरूनच पाहायचा असतो. त्यामुळे सगळे तळ मध्यरात्रीनंतर लगेच जागे होतात आणि पहाटे एकाच अरुंद वाटेवर येतात. दिवसा उन्हाने वितळलेला आणि असंख्य बुटांखाली दाबला गेलेला बर्फ रात्री पुन्हा गोठून कडक होतो, म्हणजे सर्वाधिक गर्दी आणि सर्वाधिक निसरडी वाट यांची वेळ एकच असते. पुढे कोणी घाबरून खाली बसले, की मागची सारी रांग थांबते. कळसूबाईच्या शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी होणारा खोळंबा आपल्या परिचयाचा आहे. पण तिथे वेळ जातो, इथे अंगातला घाम गार पडून बोटे बधिर होऊ लागतात.

आमच्यापुढे अशीच एक मुलगी बसली होती. तिचा गट वर निघून गेला होता आणि तिला ना वर जाववत होते, ना खाली उतरवत होते. आमचा गाईड, सांकरीकडचाच तरुण, ‘पाँव हिलाते रहो’ असे आम्हाला बजावून रांगेबाहेर पडला, आइस ॲक्सने तिच्यापुढे एकेक पायरी खोदत गेला आणि तिचा हात धरून तिला वर घेऊन आला. ती त्याच्या गटातली नव्हती, त्याबद्दल त्याला कोणी एक रुपयाही देणार नव्हते. त्या पहाटे मला सर्वांत मोठे वाटले ते हे.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य उगवून गेला होता आणि तिथे रोवलेल्या त्रिशुळापाशी छायाचित्रांसाठी दुसरी रांग लागली होती. अर्ध्या तासात बहुतेक लोक उतरले, आणि मग स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग ही शिखरे लख्ख उन्हात, कोणाच्याही डोक्याआड न येता, निवांतपणे पाहता आली. उतरताना तोच बर्फ इतका मऊ झाला होता की टाच सहज रुतत होती.

दुपारी वारा आणि ढग येऊ शकतात, म्हणून त्याआधी माथा सोडायला हवा, हे मला मान्य आहे. तरीही उजाडताना तळ सोडला तर पुरेसा वेळ मिळतो. पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना निघण्याची वेळ अवश्य विचारावी आणि मध्यरात्रीचाच आग्रह असेल, तर त्याचे कारणही विचारावे. आम्हाला मिळालेले उत्तर एवढेच होते की, छायाचित्रे चांगली येतात.