अॅक्सिलरेटर कडक झालाय, तेही बघा जरा

आषाढातला रविवार. सातपूरच्या गॅरेजचं शटर अजून बंदच होतं आणि तात्यांचा फोन आला. "पहिन्याच्या अलीकडे ओढ्याकाठी अडकलोय. सेल्फ मारला की नुसती टकटक. बॅटरी घेऊन या."

तात्या दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. गाडी जुनी, डिझेलची, फोर बाय फोर जीप. आठवडाभर बागेत खत वाहते, पावसाळ्यात रविवारी पुतण्या तिला त्र्यंबकच्या बाजूला चिखलात घालतो. दोन महिन्यांत दुसरी बॅटरी टाकून झाली होती, सेल्फही बदलून भरलेला, म्हणजे दुरुस्त केलेला, बसवला होता. हे सगळं दुसरीकडे. माझ्याकडे गाडी आली की तिची निम्मी कुंडली आधीच कोणीतरी मांडलेली असते, त्याची आता सवय झाली आहे.

बॅटरी नेली नाही. मीटर, जंपर केबल आणि पान्यांची पिशवी घेऊन बाईकवर निघालो. त्र्यंबक रोडला पावसाने झोडपलं.

टकटक ऐकली की सगळे बॅटरीला धरतात, आणि बहुतेक वेळा ती दोषीही असते. सॉलिनॉइड, म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच, आत ओढला जातो, मोटरला करंट जायला लागला की व्होल्टेज कोसळतं, सॉलिनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, पुन्हा ओढला जातो. म्हणून टकटक. पण व्होल्टेज कोसळतं कुठे, हा खरा प्रश्न.

गाडी न्यूट्रलला, चाकाखाली दगड. मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांवर, वायरच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या पकडीवर नव्हे. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट. पुतण्याला सेल्फ मारायला सांगितलं. टकटक सुरू, आणि बॅटरी १२ च्या खाली यायला तयार नाही. बॅटरी मेलेली असती तर आकडा ९ च्याही खाली गेला असता. म्हणजे तिच्याकडे ताकद भरपूर होती, पण ती कोणी मागतच नव्हतं.

तेवढ्यात तात्या छत्रीखालून म्हणाले, "बरं, आलाच आहात तर अॅक्सिलरेटर कडक झालाय, तेही बघा जरा. पाऊस लागल्यापासून पाय मारावा लागतो."

मी हो हो म्हणून सोडून दिलं. मग पुतण्याने पुन्हा सेल्फ मारला तेव्हा तोल सावरायला माझा हात नेमका अॅक्सिलरेटरच्या वायरवर पडला, आणि चटका बसला! भर पावसात वायर गरम. बाहेरचं काळं प्लास्टिक एका जागी मऊ होऊन फुगलं होतं.

सेल्फचा प्लस बॅटरीतून येतो, मायनस मात्र इंजिनच्या लोखंडातून. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, आणि बॅटरीचा मायनस चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला; म्हणून इंजिन ते चेसिस अशी तांब्याची विणलेली जाड पट्टी असते, आमच्या भाषेत अर्थिंगची पट्टी. ती तुटली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि इथे त्याला अॅक्सिलरेटरची बारीक तार सापडली होती. शेकडो अँपिअरचा रस्ता सायकलच्या ब्रेकवायरएवढ्या तारेतून. आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळलं आणि अॅक्सिलरेटर कडक झाला.

खात्री केली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर. सेल्फ मारताना इथे पाव व्होल्टच्या आत दिसायला हवा. आकडा पाच-सहाच्या आसपास नाचत होता. बॅटरीच्या मायनसवरून थेट ब्लॉकला जंपर केबल लावली. पहिल्यांदा एकच मोठा 'टक' आणि शांतता, दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा सेल्फ फिरला आणि इंजिन धडधडलं. ती केबल तशीच घट्ट बांधली आणि बजावलं, सातपूरपर्यंत बंद करायची नाही, चहालासुद्धा नाही.

सोमवारी गाडी रॅम्पवर घेतली. गिअरबॉक्सच्या बाजूला चिखलाचा पोपडा काढला तर आत पट्टी होती, म्हणजे तिचं भूत. लगपाशी हिरवी भुकटी आणि पाच-सहा तारा शिल्लक. बोट लावताच त्याही गळल्या.

पण मधला तो एकटा 'टक' डोक्यात होता. बॅटरीचा मायनस काढून सेल्फ खाली घेतला. वरचा बोल्ट नेहमीप्रमाणे अर्धा तास खाऊन गेला. कार्बन नवेच, आर्मेचर स्वच्छ. सॉलिनॉइडचं झाकण उघडलं तर तांब्याचे दोन्ही कॉन्टॅक्ट काळे, खड्डे पडलेले. दोन महिने टकटक करून प्रत्येक वेळी ठिणगी खाल्लेली. सेल्फ बिघडला म्हणून टकटक नव्हती, टकटकीने सेल्फ बिघडला होता. सेल्फच्या भोकातून फ्लायव्हीलचे, म्हणजे सेल्फ फिरवतो त्या इंजिनच्या चाकाचे, दातही पाहिले. चार सिलिंडरचं इंजिन बहुधा त्याच दोन जागी थांबतं, म्हणून झीजही तिथेच बघायची. दात ठीक होते.

सॉलिनॉइड नवा, अॅक्सिलरेटरची वायर नवी, पट्टी नवी. चेसिसवरचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर लग आवळला, वर ग्रीस. मीटर पुन्हा लावला, ०.१. किल्ली फिरवली आणि अर्ध्या सेकंदात गाडी चालू.

बिलात सगळ्यात स्वस्त पट्टीच होती. तात्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"मग ती पहिली बॅटरी?"

"कुठंय?"

"गोठ्यामागं टाकलीय."

"चार्ज करून ट्रॅक्टरला लावून बघा."

आठवड्याने फोन आला. ट्रॅक्टर चालू होता, मागून आवाज येत होता.