चोंढ्याच्या धरणावर, दगड बुडेपर्यंत

ऐरोलीला ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला राज्य भार प्रेषण केंद्र आहे. या घटकेला महाराष्ट्राला किती वीज लागते आणि ती कुठल्या केंद्राने द्यायची, याचा हिशोब तिथे अहोरात्र चालतो. मी रोज तिथूनच कामाला जाते. पण तिथला निरोप जिथे पोचतो असं एक ठिकाण आपल्याच ठाणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, हे मला कळलं डोळखांबच्या आत्यामुळे. "आमच्याकडचं धरण रोज भरतं नि रोज उतरतं," ती बोलता बोलता म्हणाली. धरण पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात उतरतं, एवढंच मला ठाऊक. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी निघालेच.

माजिवडा, पडघा, आसनगाव हा नाशिक महामार्ग सगळ्यांच्या ओळखीचा. शहापूरला आत वळून शेणवे मागे टाकलं की गाड्यांचा आवाज संपतो. भातशेतं कापून कधीच मोकळी झालेली, बांधावर पळस फुललेला, कुठे कुठे राब भाजल्याचा धूर. डोळखांबला आत्याकडे चहा घेतला आणि आतेभावाला बरोबर घेऊन साकुर्लीच्या अंगाने चोंढ्याकडे गेले. समोर कड्यांची भिंत जवळ येत जाते, आणि तिच्या पायाशी माणसाने बांधलेली दुसरी भिंत दिसते.

हे घाटघर उदंचन प्रकल्पाचं, म्हणजे उतरलेलं पाणी पुन्हा वर चढवणाऱ्या वीजप्रकल्पाचं, खालचं धरण. उंची ८० मीटरच्या वर. मातीचा भराव नाही, दगडी चिरे नाहीत, सरळ करडं काँक्रीट. वरचं धरण कड्याच्या माथ्यावर, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घाटघरला, प्रवरेच्या उगमाकडच्या पाण्यावर. दोन्ही तलावांत उंचीचा फरक सुमारे ४१० मीटर. मधल्या डोंगराच्या पोटात बोगदे आणि जमिनीखालचं वीजघर, १२५ मेगावॉटचे दोन संच, मिळून २५०. वीजघरात परवानगीशिवाय जाता येत नाही आणि ती मी काढली नव्हती. पण तलाव आणि भिंत रस्त्यावरूनही मनाजोगी दिसते.

कोयनेचं पाणी वीज करून चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत जातं, ते परत येत नाही. इथे पाणी परत जातं. संध्याकाळी घराघरांत दिवे, पंखे, गिझर एकदम लागतात तेव्हा वरचा तलाव उघडतात. पाणी डोंगरातून खाली येतं, यंत्र फिरवतं आणि चोंढ्याच्या तलावात जमतं. मग मध्यरात्रीनंतर वीज स्वस्त आणि मुबलक असते तेव्हा तेच यंत्र उलट फिरतं आणि तेच पाणी पुन्हा घाटघरला चढवतं. चढवायला लागते ती वीज उतरताना मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते. हे ऐकून आतेभाऊ म्हणाला, "मग हा तोट्याचा धंदा की, ताई!" मी त्याला त्याच्याच कांद्याचं उदाहरण दिलं. चाळीत ठेवलेला कांदा थोडा सडतो, घटतो, तरी चाळ बांधतोच ना आपण? भाव कधी आहे, त्याला किंमत असते. औष्णिक केंद्राची भट्टी रात्री विझवून संध्याकाळी पुन्हा पेटवता येत नाही, हे पाणी मात्र काही मिनिटांत कामाला लागतं. आता सौर वीज वाढतेय, तेव्हा दुपारची जास्तीची वीज साठवायला अशीच धरणं लागणार आहेत, म्हणून हे जुनं काम मला फार पुढचं वाटतं.

रस्त्यावर उभ्या उभ्या मी मोबाइलवर एक गणित केलं. आपल्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते. तेवढं पाणी ४१० मीटर खाली आलं तर वीज मिळते साधारण एक युनिट. फक्त एक! दोन्ही संच पूर्ण चालू असतील तर दर सेकंदाला सत्तरेक टाक्या रित्या व्हाव्या लागतात. त्या दिवसापासून घरातला रिकाम्या खोलीतला पंखा मला बघवत नाही.

भिंतीविषयीही सांगायला हवं. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातली ही पहिली धरणं, वरचं आणि खालचं, दोन्ही. नेहमीचं काँक्रीट ओलं, ओतायचं असतं. मोठ्या धरणात ते घट्ट होताना आत उष्णता साठते, तडे जायची भीती असते, म्हणून ठोकळ्याठोकळ्याने आणि थंड करत ओतावं लागतं. इथे पाणी अगदी कमी घालून, सिमेंटच्या बऱ्याच भागाऐवजी कोळशाची राख वापरून कोरडं मिश्रण करतात. ते डोझरने पसरून रस्त्यासारखं रोलरने दाबायचं, थरावर थर. राखेमुळे उष्णता कमी होते आणि कामही झपाट्याने उरकतं. काम जपानच्या कर्जसाहाय्यातून झालं, वीज सुरू झाली २००८ मध्ये. भिंतीकडे नीट पाहिलं तर आडव्या रेघा दिसतात, आजीच्या गोधडीवरच्या टाक्यांसारख्या सरळ.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. घाटघरच्या माथ्यावर पाण्याचे दोन देश होतात. प्रवरेत पडलेला थेंब भंडारदऱ्यातून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातो आणि कड्याच्या अलीकडे पडलेला अरबी समुद्राला. नगरचं चेरापुंजी म्हणतात त्या घाटघरचं पाणी रोज संध्याकाळी ही सीमा ओलांडून कोकणात येतं आणि पहाटेच्या आत माघारी जातं.

एक दुखणंही लिहिते. तानसा, भातसा ही धरणं याच शहापूर तालुक्यातली. मुंबई आणि ठाण्याच्या नळाला इथलं पाणी आहे. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. रस्त्यात हंडे घेऊन चाललेल्या एका मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "अजून विहिरीला हाय पानी. शिमगा झाला की मंग बघा." चोंढ्याचं पाणी पिण्यासाठी नाही, विजेसाठी आहे, हे मला समजतं. तरी भरलेल्या तलावाच्या अंगाने रिकामा हंडा जाताना पाहणं सोपं नाही. शहराला पाणी आणि वीज देणाऱ्या तालुक्यातल्या प्रत्येक पाड्यावर आधी नळ यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलंच होतं. आतेभावाने पलीकडच्या उतारावर, पाण्याच्या काठाला, एक पांढरट दगड दाखवला. वासराएवढा असेल. "याच्यावर नजर ठेव, ताई." त्याच्यावर ओलसर काळा पट्टा होता, म्हणजे कालही पाणी तिथवर येऊन गेलेलं. आम्ही पाण्याजवळ गेलो नाही. पातळी न सांगता चढते, तिथे उतरणं खरंच धोक्याचं आहे, फिरायला जाल तर तुम्हीही उतरू नका.

साडेपाचला दगड पूर्ण उघडा. सहाला पाणी त्याच्या बुडाशी लागलं. ना आवाज, ना लाट, वारासुद्धा नव्हता. सव्वासहाला वाटलं, मला भास होतोय. साडेसहाला अर्धा दगड गेला होता आणि सूर्य डोंगरांआड जात होता. ऐरोलीत आता लोक कामावरून घरी येऊन दिवे लावत असतील.

सात वाजता अंधारात फक्त वरचं टोक कळत होतं. आत्याचा फोन आला, "भाकऱ्या निवल्या, कवा येताय?"

"आलोच," आतेभाऊ म्हणाला, पण आम्ही दोघंही उठलो नाही. टोक जाईपर्यंत थांबलो.