गाडी चालवणाऱ्याचं नाक

व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडच्या आयला बेटावर (हो, उच्चार असाच) जाणार असाल तर सोबत न पिणारा एक माणूस घेऊन जा. आमच्यात असा कोणी नव्हता. भावोजी परदेशात स्टिअरिंगला हात लावत नाहीत, ताई मागे बसून नकाशा वाचते, उरलो मी. त्यात स्कॉटलंडचा कायदा 2014 पासून आणखी कडक झालाय: 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की संपलं. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा 80 आहे.

एडिनबरा, ग्लासगो, पाऊस, किल्ले, परत पाऊस, हे सगळं यथासांग पार पडलं. मग केनाक्रेग बंदरातून दोन-सव्वादोन तासांचा फेरीबोटीचा प्रवास आणि आयलावरचं पोर्ट एलन. इथल्या रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख दाखवतो. मीही दाखवायला लागलो. दिवसभरात माझ्या वाट्याला आलेला तेवढाच पाहुणचार, असं दुपारपर्यंत वाटत होतं.

पोर्ट एलनच्या पूर्वेला किनाऱ्यालगत लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या, म्हणजे व्हिस्कीचे कारखाने, ओळीने उभ्या आहेत. पहिली आणि तिसरी 1815 सालची, मधली 1816 ची. चालत जायला छान पायवाट आहे, पण ताईचा गुडघा बोलायला लागला होता. लाफ्रॉइगमध्ये भिजवलेलं बार्ली अजूनही जमिनीवर पसरून फावड्याने उलटंपालटं करतात आणि मग खाली पीट (दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती) जाळून धुरावर सुकवतात. व्हिस्कीत धूर शिरतो तो इथेच, ओल्या दाण्याच्या सालीला चिकटून. समुद्राच्या वाऱ्यामुळे तो वास येतो, असं आमच्या गटातला एकजण शेवटपर्यंत सांगत होता. ताईला मात्र बेसी विल्यमसनची गोष्ट फार आवडली. ही बाई 1934 मध्ये उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आली आणि 1954 मध्ये डिस्टिलरीची मालकीण झाली.

चव घ्यायची वेळ आली की माझा चेहरा पडायचा. एका ठिकाणी (नाव नको) तिकीट पूर्ण घेतलं आणि माझ्या हातात झाकणबंद चिमुकल्या बाटल्या ठेवल्या. मार्गदर्शक मुलगा घड्याळाकडे बघत बोलत होता. बाकीचे ग्लास उजेडात धरून फोटो काढत होते आणि एक गृहस्थ नाकाने कांदे सोलत वयावरून व्हिस्कीची लायकी ठरवत होते. बारा वर्षांची? छे, छे.

पुढच्या ठिकाणी गोदामात नेलं. काळोख, गारवा, ओलसर जमीन आणि पिंपांच्या रांगा. दरवर्षी पिंपातली जवळपास दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते, त्याला हे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. आत पाऊल टाकलं की तो वाटा आपल्याही नाकात येतो, कायदा न मोडता! तिथल्या बाईंनी तांब्याची लांब नळी पिंपात सोडली, वरचं तोंड अंगठ्याने दाबून बाहेर काढली आणि ग्लास भरले. माझ्या शर्टावर ड्रायव्हरचा बिल्ला होता. तो बघून त्या म्हणाल्या, "आज इथे सगळ्यात चांगला वास तुम्हालाच येणार. बाकीच्यांची नाकं तिसऱ्या ग्लासला झोपतात."

मला वाटलं, समजूत काढतायत. पण त्यांनी खरंच बाजूला उभं करून शिकवलं. नाक ग्लासात खुपसायचं नाही, पिंपातली कच्ची व्हिस्की साठ टक्क्यांच्या आसपास असते, नाक चुरचुरतं. ग्लास हनुवटीपाशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं. आधी आला तो दवाखान्यातल्या टिंक्चर आयोडीनचा दर्प. मग त्यांनी चमच्याने पाण्याचे दोन-तीन थेंब सोडले आणि आयोडीनच्या मागून व्हॅनिला पुढे आला. अमेरिकन कायद्याने बर्बन (तिकडची व्हिस्की) नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. मग वापरलेली पिंपं इकडे येतात आणि हा व्हॅनिला बरोबर घेऊन येतात. थोडी व्हिस्की तळहातावर घेऊन हात चोळायला लावले. अल्कोहोल उडालं, हातावर राहिलं भिजलेलं धान्य आणि राख. शेवटी भावोजींनी रिकामा केलेला ग्लास माझ्या हातात दिला, "आता हा." त्या कोरड्या होत चाललेल्या काचेत धूर जवळजवळ नव्हताच, नुसतं लाकूड होतं. भावोजी तोवर चौथ्या ग्लासावर होते आणि त्यांना सगळंच "मस्त" लागत होतं.

संध्याकाळी भावोजींनी जपून आणलेला क्यूबन सिगार काढला. स्कॉटलंडमध्ये 2006 पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपान बंद आहे, त्यामुळे घरमालकिणीने होड्यांच्या शेडमागे दोन खुर्च्या टाकून दिल्या. वर ब्लँकेटं. सिगार हे उतावळ्या माणसाचं काम नाही: मिनिटाला एखादा झुरका, धूर गिळायचा नाही, राख झटकायची नाही. आयलाच्या वाऱ्याला हे कोण सांगणार? सिगार एका बाजूने भराभर जळत गेला, तापला, कडवट झाला. तासभर पुरायचा तो अर्ध्या तासात आटोपला. आणि गाडी लावून झाल्यामुळे मीही एकदाची चिमुकली बाटली उघडली. माझं स्पष्ट मत: पीटची व्हिस्की आणि सिगार एकत्र घेऊ नयेत. दोन धूर भांडतात आणि दोन्ही हरतात. सिगारसोबत शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली, धूर नसलेली व्हिस्की बरी. भावोजींना हे अजिबात पटत नाही.

बोमोरला बसने गेलो. बस मोजक्याच आहेत, वेळा बघून निघा. 1779 ची डिस्टिलरी, खिशात चावी नाही, हातात पूर्ण ग्लास. तिसऱ्या ग्लासपाशी मला कशाचाच वास येईना.