फुकटचं लिनक्स आणि माझा हिशेब

माझ्या लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. २०१७ साली घेतलेला, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. माझं काम मुद्रितशोधनाचं, मधूनअधून भाषांतराचं. त्याला तो पुरून उरत होता. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५ ही शेवटची तारीख लावली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे माझं यंत्र एका पिढीने हुकलं. सांगलीतल्या एका दुकानात विचारलं, तर समोरच्या मुलाने लॅपटॉप उघडायच्या आधीच निकाल दिला, "ताई, हा आता भंगारात. ४५-५० हजारांत मस्त नवीन बसेल."

चालू वस्तूला कुणी भंगार म्हटलं की माझं डोकं फिरतं. तारीख उलटली म्हणून विंडोज १० बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात. घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची मुदतवाढही आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती मी घेऊ शकले असते. पण बँकेचे व्यवहार, प्रकाशकांची हस्तलिखितं, सगळं ह्याच यंत्रावर. वर्षभराने प्रश्न तिथेच उभा राहणार होता.

पुण्याचा भाचा दिवाळीला येणार होता. फोनवरच म्हणाला, "मावशी, लिनक्स मिंट टाक. फुकट आहे." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी संगणकाची प्रणाली, आणि मिंट हा तिचाच एक प्रकार.

"फुकट ते पौष्टिक" असं आमच्याकडे कुचेष्टेने म्हणतात, आणि मी तर ह्या बाबतीत फारच संशयी. मोफत ॲपने माहिती कुठे विकली ह्याच्या बातम्या वाचून वाचून मन तसंच झालंय. म्हणून त्याला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारले. बनवतं कोण? पोट कशावर भरतं त्यांचं? उद्या बंद केलं तर मी कुणाच्या दारात जायचं? त्याने न चिडता उत्तरं दिली. मिंट २००६ पासून चालू आहे, वापरणाऱ्यांच्या देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं, उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर उभं आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकतायत. "आणि तुझ्या हातातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे, मावशी. वापरतेसच की."

हा शेवटचा मुद्दा मला पटला नाही. फोनमध्ये कर्नल कुठलं आहे ह्याने माझ्या प्रिंटरला काय फरक पडतो?

म्हणून मी वहीत यादी केली. लिनक्स चांगलं की विंडोज, ह्या वादात मला रस नव्हता. माझं रोजचं एकेक काम त्याच्यावर होतं का, एवढंच बघायचं होतं. इन्स्क्रिप्ट कळफलक, म्हणजे देवनागरी टंकायची प्रमाण मांडणी. वर्डच्या फायली, त्यातले बदल नोंदवलेले आणि समासातल्या टिपा. मराठी फॉन्ट. प्रिंटर. बँक, वीजबिल, आयकर. घरच्यांचं यूट्यूब. भाच्याला सांगितलं, ह्यातलं एक जरी अडलं तरी मी विंडोजवर राहणार.

यादी बघून तो म्हणाला की इन्स्टॉल न करताच हे सगळं तपासता येतं. सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून घ्यायची, एका छोट्या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. आतल्या डिस्कला हात लागत नाही. लॅपटॉप सुरू होताना नेमकी कुठली कळ दाबायची ते कंपनीगणिक बदलतं. माझ्याकडे एफ-१२ चालली. पेन ड्राइव्हवरून सगळं जरा रखडत चालतं, पण वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड हे चालतं की नाही ते लगेच समजतं. माझे चारही चालले.

खरी परीक्षा कळफलकाची. वीस वर्षं इन्स्क्रिप्टवर बोटं बसलेली आहेत. ती आता कुणाचं ऐकायची नाहीत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचे एकापेक्षा जास्त कळफलक निघाले, त्यातला इन्स्क्रिप्टचा निवडला, कोरी खिडकी उघडली आणि माझी नेहमीची फसवी जोडी टंकली: आचार्यांना, आचाऱ्यांना. मठातले आचार्य आणि पंगतीतले आचारी. दुसऱ्यातला 'ऱ' शिफ्ट दाबून 'जे'च्या कळीवर, मग 'डी'वर हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवर 'य'. बोटं आपसूक गेली आणि अर्धा ऱ जिथे हवा तिथे, जसा हवा तसा आला. मागोमाग क्ष, ज्ञ, श्र, ऑगस्ट, ॲड. असं काय काय टंकून पाहिलं. कुठे अडलं नाही. भाच्याला वाटत होतं मी झकपक दिसण्यावर भाळेन; मी ह्या आचाऱ्यांवर निम्मी हरले.

तरीही जुनी हार्डडिस्क पुसायला माझी तयारी नव्हती. लोक एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवतात, पण त्यात वाटणी करताना चूक झाली तर सगळं जाण्याची भीती. मी वेगळाच मार्ग काढला. ५०० जीबीची नवी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा पुष्कळ वेगवान डिस्क, घेतली, ओळखीच्या मेकॅनिककडून जुनी डिस्क काढून तिथे ती बसवून घेतली आणि जुनी डिस्क, विंडोजसकट, जशीच्या तशी कपाटात. नाही जमलं तर चार स्क्रू फिरवून पूर्वस्थिती. भाचा ह्याला भित्रेपणा म्हणतो. म्हणू दे.

इन्स्टॉल करणं मात्र अगदीच किरकोळ निघालं. भाषा, वेळ, नाव, पासवर्ड. चहा होईपर्यंत काम झालं. एसएसडीमुळे लॅपटॉप झपाट्याने सुरू व्हायला लागला, तेव्हा भाच्याने त्याचं श्रेय लिनक्सला देऊन टाकलं. ते पूर्ण खरं नाही. त्याच एसएसडीवर विंडोज १० टाकलं असतं तरी फरक पडलाच असता. जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून फायली आणल्या. तेव्हा लिनक्स त्या डिस्कवर काही लिहायला तयार होईना. कारण विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' सोय. ती चालू असली की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्स अशा डिस्कला जपून वागवतं. मला फायली फक्त वाचायच्या होत्या, त्यामुळे अडलं नाही. पण दोन्ही प्रणाली शेजारी ठेवणाऱ्यांनी ती सोय आधी बंद करावी.

मग फॉन्ट. ह्या भागावर जरा रेंगाळते, कारण मराठीत काम करणाऱ्याला इथेच ठेच लागते. बहुतेक संपादक मंगल फॉन्टमध्ये फाइल पाठवतात. मंगल मायक्रोसॉफ्टचा, लिनक्ससोबत तो येत नाही. तिथे दुसरा देवनागरी फॉन्ट आपोआप घेतला जातो, अक्षरं नीट दिसतात, पण ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि पानं सरकतात. ज्याला नुसतं वाचायचंय त्याचं काही बिघडत नाही. मी मात्र 'पान ४३, खालून तिसरी ओळ' अशा टिपा पाठवते, आणि समोरच्याच्या पान ४३ वर भलताच मजकूर. ह्यावर तोड अशी निघाली: पानांचा संबंध असेल तिथे पीडीएफ मागवायची, आणि ज्यांच्याशी नेहमीचं काम आहे त्यांच्याशी मुक्त फॉन्ट ठरवून घ्यायचा. आमचं एक टाइपचा 'मुक्त' फॉन्टवर एकमत झालं. तो दोन्हीकडे मोफत मिळतो आणि दोन्हीकडे सारखाच दिसतो.

दुसरी गोष्ट ल आणि श यांची. राज्य सरकारच्या २००९ च्या शासननिर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवलेला आहे. गूगलच्या मोफत नोटो फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श आधी दिसतात, आणि माझ्या डोळ्यांना ते खड्यासारखे लागतात. पण त्या फॉन्टच्या आत मराठी वळणंही आहेत. लिबरऑफिस ह्या वर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी केली आणि डोळ्यांदेखत पानभर ल बदलले. विंडोजवर इतकी वर्षं काढली, पण हे असं करून बघावं असं कधी सुचलं नव्हतं.

बदल नोंदवलेल्या फायली लिबरऑफिसने व्यवस्थित उघडल्या, समासातल्या टिपांसह. परत पाठवल्यावर संपादकांकडेही बरोबर उघडल्या. मुद्दाम फोन करून खात्री केली. एका प्रकाशकाचा मजकूर अजून जुन्या, युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये येतो. तो फॉन्ट टाकला की वाचता येतो, पण त्याचा कळफलक चालवणारा प्रोग्राम फक्त विंडोजचा. त्यांच्या कामाच्या खुणा मी आता पीडीएफवर करते. त्यांनी युनिकोडवर यावं असं मी लिनक्सच्या आधीपासून सांगत आलेय.

आणि प्रिंटर. भाच्याने सगळ्यात ठामपणे "होईल गं" म्हटलेली गोष्ट, आणि तीच अडली. माझा छोटा लेझर प्रिंटर एका नामांकित कंपनीचा. नाव घेत नाही. असे स्वस्त प्रिंटर स्वतः फारसं काही समजत नाहीत. पानाचं चित्र संगणकात तयार होतं आणि कंपनीच्या खास भाषेत प्रिंटरकडे जातं. ती भाषा बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नसेल तर प्रिंटर म्हणजे नुसता जड ठोकळा. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर काढला होता, पण जुन्या काळी. त्याला ३२ बिटी सुटे भाग लागतात. भाऊबीजेची दुपार भाच्याने त्यात घालवली. एकदा प्रिंटर घरघरला, आम्ही दोघं सरसावलो, आणि पान निघालं ते कोरंकरकरीत. मग काहीच नाही.

इथे मी जवळजवळ परत फिरले होते. पण चौकशीत एक उपयोगी गोष्ट कळली: ज्या वायफाय प्रिंटरवर 'एअरप्रिंट' लिहिलेलं असतं, त्यांना बहुधा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. ते सामायिक भाषा बोलतात. मॅक आणि लिनक्स दोघांची छपाई कप्स नावाच्या एकाच व्यवस्थेवर चालते, त्यामुळे आयफोनवाल्यांसाठी केलेली सोय आपसूक आपल्याला मिळते. बंद होणाऱ्या एका ऑफिसातून असा वापरलेला प्रिंटर साडेसहा हजारांना मिळाला. वायफायला जोडला आणि मी काही करायच्या आत मिंटच्या यादीत त्याचं नाव हजर. जुना प्रिंटर झेरॉक्सच्या दुकानाने साडेतीन हजारांना घेतला.

तर 'फुकट'चा हिशेब असा. एसएसडी ३,५०० रुपये, जुन्या डिस्कची डबी ४५०, मेकॅनिक ३००, प्रिंटरमागे पदरचे ३,०००. एकूण ७,२५०. भाच्याला मी हा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. तो म्हणाला, ह्यात लिनक्सचा पैसा शून्य आहे. मी म्हटलं, लग्नात भटजी दक्षिणा घेत नाही म्हणाले तरी मांडवाचं बिल येतंच. पण ५० हजारांसमोर हा आकडा माझ्या बाजूने आहे, हे मी नाकारत नाही.

बाकी यादी बिनबोभाट पार पडली. बँक, वीजबिल, आयकराचं पोर्टल हे सगळं ब्राउझरमध्ये, त्याला खाली कुठली प्रणाली आहे ह्याचं सोयरसुतक नाही. अपडेट आलं की कोपऱ्यात खूण दिसते. घ्यायचं तेव्हा घ्या. कामाच्या मध्यात स्वतःहून बंद-चालू होत नाही, हे मला फार आवडलंय. यजमानांना तर बदल झाल्याचं बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही डाव्या कोपऱ्यातलं चिन्ह हिरवं का झालं म्हणून.

न आवडलेलंही आहे. फोन केबलने जोडून फोटो आणायला लागलं की रडतखडत चालतं. शुद्धलेखनाची तपासणी जोडता येते, पण सामान्यरूपं आणि सामासिक शब्द दिसले की अर्धं पान लाल करून ठेवते. आणि आंतरजालावर मदत शोधली की लोक आधी टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत टंकायची आज्ञा देतात. मिंटमध्ये बहुतेक गोष्टी साध्या बटणांनी होतात, हे त्यांना सांगावंसं का वाटत नाही कोण जाणे.

आमच्या वरच्या मजल्यावरचे करसल्लागार काका परवा विचारायला आले होते, त्यांचाही लॅपटॉप माझ्या लॅपटॉपच्याच वयाचा. त्यांना मी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांचं सगळं काम टॅलीवर आणि डिजिटल सहीच्या टोकनवर. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, आणि खटपटी करून चालवलेल्या टॅलीवर दुसऱ्यांचे हिशेब ठेवू नयेत. ते जरा हिरमुसले. बाहेर पडताना प्रिंटर मात्र निरखून पाहून गेले.

कपाटातली जुनी डिस्क फॉरमॅट करून बॅकअपला वापर, असा भाच्याचा लकडा चालू आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. दिवाळी अंकांचा एक हंगाम ह्या लिनक्सवर काढते, मग बघू.