लाउझी

भाची नोकरीला लागली आणि तिची विशेषणंच बदलली. ऑफिसातली कॉफी लाउझी, एसी लाउझी, सोमवार तर जन्मजात लाउझी. आईला हा शब्द भाऊजींच्या गोतावळ्यातला वाटला. “कोण गं हे लाऊजी?”

“टुकार म्हणायचंय गं, आजी.”

अर्थ बरोबरच आहे. पण हा इंग्रजी शब्द जरा विंचरला तर त्यातून लाउस पडते. लाउस म्हणजे ऊ, आणि लाउझी म्हणजे मुळात उवांनी भरलेला. हे विशेषण जुनं आहे. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या एका गोष्टीत सैतान समोरच्याला सुनावतो की, तुला एखादा लाउझी जादूगारसुद्धा गंडवेल. शब्दातली ऊ पुढे विरून गेली, खरी मात्र चिकटून राहिली. पहिल्या महायुद्धात खंदकातले सैनिक मेणबत्तीची ज्योत शर्टाच्या शिवणीवरून फिरवत, कारण उवा आणि त्यांची अंडी तिथेच दडलेली असत.

हे सांगितल्यावर आईचा चेहरा उजळला. तिच्या लहानपणी रविवारची दुपार याच कामाची. पुढ्यात पांढरा पंचा, त्यावर वाकवलेलं डोकं, बारीक दातांची फणी. ऊ पडली की दोन अंगठ्यांच्या नखांत धरायची. टिच्! तो आवाज तिने आत्ताही करून दाखवला. लिखा मात्र केसाला धरून बसतात, एकेक ओढून काढाव्या लागतात. म्हणून तर आपण ज्याचा कीस पाडतो, त्यात इंग्रज लिखा वेचतो, म्हणजे ‘निटपिकिंग’ करतो.

याच शब्दाची एक उलटी तऱ्हाही आहे. एखादा ‘लाउझी विथ मनी’ असला, तर त्याच्याकडे पैशाचा नुसता बुजबुजाट. आपल्याकडे उंदरांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा सुळसुळाट होतो, तसंच काहीसं. आणि पर्यटनस्थळी मिळणारा तो टीशर्ट? ‘आईबाबा फिरून आले आणि माझ्यासाठी आणला काय, तर हा लाउझी टीशर्ट.’ इथे टुकार म्हणून भागत नाही. त्यातला रुसवा निसटतो. ‘फडतूस’ मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो.

परवा चहा पांचट झाला. आईने एक घोट घेतला आणि जाहीर केलं, “लाऊजी झालाय.”

भाचीने कप खाली ठेवला आणि डोकं खाजवलं.