ग्राइफ्सवाल्ड : नव्या मोहिमेआधीचे वेंडेलश्टाइन

बर्लिनहून उत्तरेकडे निघालेली गाडी सुमारे अडीच तासांत ग्राइफ्सवाल्डला पोहोचते. बाल्टिक समुद्राजवळचे हे जुने विद्यापीठनगर आहे. विद्यापीठ १४५६ सालचे, आणि चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिश यांचा जन्मही येथलाच. त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलेले एल्डेना मठाचे लाल विटांचे अवशेष पाहायला प्रवासी येतात आणि ते पाहण्यासारखे आहेतच, परंतु मी आलो होतो तो गावाच्या कडेला असलेल्या, लाटांच्या आकाराचे छप्पर असलेल्या एका इमारतीसाठी. माक्स प्लांक प्लाझ्मा भौतिकी संस्थेची ही शाखा १९९४ साली स्थापन झाली आणि संलयनाच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, संशोधनाचे वेंडेलश्टाइन ७-एक्स हे यंत्र येथे उभे आहे.

या यंत्राची आधीची प्रयोगमोहीम २२ मे २०२५ रोजी संपली. त्यानंतरच्या देखभालीच्या काळात मी तेथे गेलो, कारण प्रयोग चालू असताना मुख्य दालनात कोणालाच प्रवेश नसतो. दालनाच्या काँक्रीटच्या भिंती १.८ मीटर जाडीच्या आहेत. आत शिरल्यावर यंत्र असे एकदम दिसतच नाही. दिसतात त्या नळ्या, केबली, चढउतार करण्याचे जिने आणि मोजमापाची असंख्य उपकरणे. यंत्राच्या पोटापर्यंत पोहोचणारी २५४ प्रवेशद्वारे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांवर काही ना काही बसवलेले आहे.

संलयनाच्या अशा यंत्रांत प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवतात. टोकामाक प्रकारच्या यंत्रात, म्हणजे गांधीनगरजवळच्या आपल्या आदित्य-यू किंवा एसएसटी-१ मध्ये, प्लाझ्मातूनच मोठा विद्युतप्रवाह सोडावा लागतो. वेंडेलश्टाइनसारख्या स्टेलरेटर यंत्रात चुंबकीय क्षेत्राला लागणारा पीळ बाहेरच्या वेटोळ्यांच्या आकारातूनच मिळतो. म्हणून येथे विचित्र वळणांची ५० आणि सपाट अशी २० अतिवाहक वेटोळी आहेत. प्लाझ्मातल्या प्रवाहावर विसंबावे लागत नसल्यामुळे हे यंत्र तत्त्वतः अखंड चालू शकते, आणि माझ्या मते त्याचे सारे महत्त्व याच एका गोष्टीत आहे. मात्र अखंड चालायचे म्हटले की काही सेकंदांच्या प्रयोगात खपून जाणारे बारीकसारीक दोषही खपत नाहीत. त्यामुळे मोहिमेची पूर्वतयारी हाच येथे विज्ञानाचा मोठा भाग होतो.

आम्हाला फिरवणाऱ्या संशोधक बाईंनी डायव्हर्टरचा, म्हणजे प्लाझ्मातून निसटणारे कण झेलणाऱ्या भागाचा, एक सुटा तुकडा दाखवला. कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनच्या काळ्या फरशा तांब्याच्या मिश्रधातूवर घट्ट बसवलेल्या होत्या आणि खालून पाणी वाहण्याचा मार्ग होता. फरशीचा पृष्ठभाग मॅट, जवळून पाहिल्यावर विणीची रेषा दिसणारा. प्लाझ्माच्या कडेने निसटणारे कण याच फरशांवर येऊन आदळतात आणि दर चौरस मीटरला १० मेगावॉटपर्यंत उष्णता सोसण्यासाठी त्या बनवल्या आहेत. पूर्वीच्या चाचणी डायव्हर्टरला पाण्याची जोड नव्हती. ती मिळाल्यानंतरच फेब्रुवारी २०२३ मध्ये आठ मिनिटांचा प्लाझ्मा आणि १.३ गिगाज्यूल ऊर्जेची उलाढाल (तापवण्याची शक्ती गुणिले काळ) शक्य झाली. २०२५ च्या मोहिमेत हा आकडा १.८ गिगाज्यूलवर गेला. त्यामुळे मोहीम संपली की माणसे प्लाझ्मा कोंडणाऱ्या पात्राच्या आत उतरतात आणि कुठे कडा झिजली, कुठे अनपेक्षित डाग पडला, हे पाहतात. आत हातमोज्यांशिवाय काही हाताळायचे नाही, कारण बोटाच्या ठशातले तेलसुद्धा निर्वातात हळूहळू वायू सोडत राहते.

पात्र बंद झाल्यावर सुरू होतो गळतीचा शोध. आतली हवा पंपांनी काढून घेतात, मग बाहेरून एकेका जोडावर हेलियमचा बारीक झोत सोडतात आणि आत हेलियम उमटतो का, हे वस्तुमान वर्णपटमापकावर पाहत राहतात. हे काम घाईने होतच नाही. शेकडो जोड, पाण्याची वळसे घेत जाणारी मंडले, आणि एखाद्या झडपेच्या रबरी कडीवरचा केसाएवढा ओरखडासुद्धा पुरेसा. कोणाचे नाव वर्तमानपत्रात येईल असे हे काम नव्हे, पण यंत्राची खरी पारख येथेच होते असे मला ते ऐकताना तीव्रतेने वाटले.

वेटोळी ज्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे अतिशीत राखणाऱ्या बंद कवचात, आहेत त्याचे निर्वात निराळे असते. सुमारे ४२५ टनांचा भार तिथे द्रव हेलियमच्या साहाय्याने उणे २७० अंश सेल्सिअसच्या जवळ न्यायचा असतो, आणि त्याला काही आठवडे लागतात. घाई केली तर निरनिराळे भाग निरनिराळ्या वेगाने आकसतील आणि आधारांवर ताण येईल. त्या थंड वेटोळ्यांच्या अगदी जवळ, दुसऱ्या निर्वातातल्या प्लाझ्मा पात्राच्या भिंती मात्र १५० अंशांपर्यंत तापवता येतात. तसे केले की कार्बनमध्ये मुरलेले पाणी बाहेर पडते. ते राहिले तर त्यातला ऑक्सिजन प्लाझ्मात शिरतो आणि ओल्या लाकडाच्या चुलीसारखी गत होते, म्हणजे दिलेली उष्णता भलतीकडेच जाते. उरलेला ऑक्सिजन धरून ठेवण्यासाठी भिंतींवर बोरॉनचा पातळ थर चढवतात. त्यासाठी हेलियमबरोबर डायबोरेन वायू सोडून विद्युत विसर्जन घडवावे लागते, आणि डायबोरेन विषारी व ज्वलनशील असल्यामुळे त्या वेळी सुरक्षेची काटेकोर व्यवस्था असते.

मला सर्वांत आवडले ते एक छायाचित्र. वेटोळ्यांमध्ये प्रवाह सोडून, प्लाझ्मा न करता, आत इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडतात. तो क्षेत्ररेषांच्या मागोमाग फेऱ्या मारतो, आणि चमकणारा लेप दिलेली काठी त्याच्या वाटेत फिरवली की कॅमेऱ्यात एकात एक बसलेली प्रकाशाची वलये उमटतात. कित्येक टनांच्या वेटोळ्यांची जुळणी बरोबर झाली की नाही, हे त्या वलयांवरून कळते. पहिल्या प्रयोगांपूर्वी केलेल्या या मोजणीत क्षेत्राची चूक एक लाखात एक भागापेक्षाही कमी निघाली होती. गणनयंत्रावर शोधलेला आकार लोखंड-तांब्यात इतका नेमका उतरला, याचा पुरावा डोळ्यांनी पाहता येतो, आणि मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिलो.

बाजूच्या इमारतीत प्लाझ्मा तापवण्यासाठी १४० गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी निर्माण करणारी जायरोट्रॉन उपकरणे आहेत. त्यांच्या लहरी तारेतून नव्हे, तर आरशांवरून परावर्तित होत यंत्रापर्यंत जातात. या उपकरणांनाही मोहिमेआधी टप्प्याटप्प्याने पूर्ण शक्तीवर आणावे लागते. पुढे कधीतरी अर्ध्या तासाच्या प्लाझ्मात १८ गिगाज्यूलपर्यंत जायचे, हे या यंत्राचे ठरलेले लक्ष्य आहे, आणि आजवरच्या १.८ शी ते ताडून पाहिले की प्रत्येक जोड पुन्हा पुन्हा तपासण्याचा आग्रह अतिरेकी वाटत नाही.

संस्थेत जायचे असल्यास आधी नोंदणी करावी आणि शक्यतो दोन मोहिमांमधला काळ निवडावा. मोहीम चालू असताना नियंत्रण कक्षातील पडदे दिसतील, पण शिडी लावून प्रवेशद्वारात वाकलेले तंत्रज्ञ आणि उघड्या झडपा दिसणार नाहीत.