सोनकिडा आणि जिन्याखालचा फळा

आपल्या सांगलीच्या शाळेच्या स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा मी इंग्लंडातल्या श्रूजबरी गावच्या जुन्या शाळेसमोरच्या कट्ट्यावर बसून पोळीभाजी खात होते. समोर चार्ल्स डार्विनचा खुर्चीत बसलेला ब्राँझचा पुतळा. "शाळेचं अमृत महोत्सवी वर्ष आहे, दोन पानं लिहून पाठवा, काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा," असा निरोप होता. ठरवायला काहीच लागलं नाही. मी या पुतळ्यासमोर तीस वर्षं येऊन बसते ती सरांमुळे. तेव्हा सरांबद्दलच लिहिते. सर म्हणजे कोणते, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागणार नाही.

१९७७ साल, मी आठवीत. जून संपत आला होता आणि वैरणीच्या अड्ड्यामागच्या बाभळीवर सोनकिडे आले होते. त्या वेळी निम्म्या वर्गाच्या दप्तरात काडेपेटी असायची आणि काडेपेटीत सोनकिडा. माझ्याकडे तीन होते. काडेपेटीत ते दाटीवाटीनं राहायचे, म्हणून मी कंपासपेटीतला कर्कटक, गुण्या सगळं घरी काढून ठेवलं आणि तिथे बाभळीचा पाला अंथरून त्यांना ठेवलं. चौथ्या तासाला त्यातला एक पत्र्यावर असा काही फडफडला की अख्खा वर्ग मागे वळला. त्या तासाच्या शिक्षकांनी पेटी उघडून खिडकीबाहेर झटकली, मला बाकावर उभं केलं आणि म्हणाले, "किडे वेचायचे असतील तर शाळेत कशाला येतेस?" दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'भुंगी' पडलं. आठवीतल्या मुलीला असं नाव किती लागतं हे मुलींना ठाऊक आहे.

सरांना हे कुणी सांगितलं कोण जाणे. मधल्या सुट्टीत त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. मी रडायच्या बेतात. त्यांनी विचारलं, "पंखांचा रंग हिरवा होता की निळा?" मी म्हटलं, "सर, बघू तसा बदलतो." ते म्हणाले, "बरोबर. तो रंग नसतो, उजेडाचा खेळ असतो. बस." आणि मग त्यांनी मला एका मुलाची गोष्ट सांगितली.

इंग्लंडात श्रूजबरी नावाचं गाव आहे. नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं. तिथली शाळा १५५२ ची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीची. त्या शाळेत १८१८ साली नऊ वर्षांचा एक मुलगा आला. त्याची आई वर्षभरापूर्वीच गेली होती. शाळेत सगळं शिक्षण लॅटिन आणि ग्रीक. हा मुलगा सुट्टीत घरी जाऊन थोरल्या भावाबरोबर बागेतल्या हत्यारांच्या खोपटात रसायनांचे प्रयोग करायचा. त्यावरून मुलांनी त्याचं नाव पाडलं 'गॅस'. मुख्याध्यापक डॉक्टर बटलर यांनी सगळ्यांदेखत त्याला झापलं, असल्या निरुपयोगी गोष्टींत वेळ घालवतोस म्हणून. त्याला जो शब्द वापरला तो इटालियन होता, 'पोको कुरांते', म्हणजे बेपर्वा. त्या पोराला अर्थच कळला नाही. काहीतरी भयंकर शिवी असणार, असं त्याला वाटलं.

"तो डार्विन," सर म्हणाले. "आता तू ठरव, भुंगी हे नाव वाईट की चांगलं."

त्यांनी खिशातून प्रयोगशाळेच्या मधल्या कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात दिली. पितळी, दोऱ्यात ओवलेली. "रिकाम्या बरण्या आहेत. रोज पाचला बंद करून किल्ली मला आणून द्यायची." दहावीचा निरोप समारंभ होईपर्यंत ती किल्ली माझ्याकडे होती.

जिन्याखालचा फळा सगळ्यांना आठवत असेल. दर सोमवारी सर त्यावर एका माणसाबद्दल लिहायचे. नाव लाल खडूनं, मजकूर पांढऱ्या. त्या वर्षी त्यांनी ओळीनं कितीतरी सोमवार त्या एकाच शाळेचे विद्यार्थी घेतले. सर्वांना वाटलं सरांना वेड लागलं. ते कशासाठी चाललं होतं हे मला पुष्कळ नंतर उमगलं. एका मुलीचं टोपणनाव धुऊन काढायला त्यांनी निम्मं वर्ष खर्ची घातलं होतं.

पहिल्या सोमवारी फिलिप सिडनी आणि फल्क ग्रेव्हिल. दोघं १५६४ मध्ये एकाच दिवशी शाळेत दाखल झाले. सिडनी कवी झाला, दरबारी झाला आणि १५८६ मध्ये नेदरलँड्समधल्या झुत्फेनच्या लढाईत जखमी होऊन बत्तिसाव्या वाढदिवसाआधीच गेला. तहानेनं व्याकूळ असताना हातातलं पाणी त्यानं शेजारच्या घायाळ शिपायाला दिलं, ही कथा ग्रेव्हिलनंच लिहून ठेवली. ग्रेव्हिल पुढे मोठ्या पदांवर चढला, मात्र स्वतःच्या थडग्यावर त्यानं कोरून घेतलं की मी एलिझाबेथ राणीचा सेवक, जेम्स राजाचा सल्लागार आणि फिलिप सिडनीचा मित्र. सरांनी शेवटचे तीन शब्द अधोरेखित केले होते. आमच्या वर्गातल्या किती जोड्या अजून टिकून आहेत ते मोजलं तर त्या अधोरेखेचा त्यात वाटा आहे, असं मी म्हणेन.

एका सोमवारी त्यांनी न्यायाधीश जेफ्रीजबद्दल लिहिलं. राजाविरुद्धच्या १६८५ च्या बंडानंतर शेकड्यांनी माणसं फासावर चढवण्याची शिक्षा देणारा हा माणूसही त्याच शाळेचा. कुणीतरी विचारलं, "सर, हा कशाला?" सर म्हणाले, "हजेरीपटावर त्याचंही नाव होतं ना."

आणि मग आयर्विन. अँड्र्यू आयर्विन, पहिल्या महायुद्धाच्या काळात याच शाळेत शिकत होता. विमानाच्या फिरत्या पंख्याला गोळी न लागता मशिनगन झाडता यावी, अशा यंत्राचा आराखडा या शाळकरी मुलानं काढला आणि थेट युद्धखात्याला पाठवला. १९२४ मध्ये बावीस वर्षांचा असताना तो एव्हरेस्टच्या मोहिमेत गेला. प्राणवायूच्या नळकांड्यांची सगळी दुरुस्ती तोच करायचा. ८ जूनला गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीबरोबर तो शिखराकडे जाताना दिसला, त्यानंतर दोघेही दिसले नाहीत. आम्हा सांगलीच्या पोरांना वाटलं, आपला आयर्विन पूल याच्याच नावाचा! दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, "पूल १९२९ चा, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा. हा मुलगा निराळा." पण आमच्या बॅचला त्या पुलावरून जाताना अजूनही तो मुलगाच आठवतो.

मी मिरजेला डॉक्टर झाले, पॅथॉलॉजी केलं आणि १९९४ मध्ये इंग्लंडला आले. नोकरी कुठे कुठे निघाली होती त्या यादीत श्रूजबरीचं नाव दिसलं आणि मी दुसरीकडे अर्जच केला नाही. आज सत्तावीस वर्षं विभागात वरिष्ठ म्हणून काम करते आहे, हाताखाली तयार झालेल्या मुली आता तीन देशांत आहेत. रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते तेव्हा पहिलं भिंग कुणी पुसून हातात दिलं ते विसरत नाही.

पहिल्याच रविवारी पुतळ्याचा फोटो काढून सरांना पाठवला. सर खूश होतील असं वाटलं होतं. निळं हवाई पत्र आलं ते प्रश्नांनी भरलेलं. नदी कृष्णेएवढी रुंद आहे का? पूर येतो का? शाळेपासून डार्विनचं घर किती लांब? कारण तो शाळेच्या वसतिगृहात राहायचा, तरी संध्याकाळची हजेरी आणि रात्रीचं कुलूप यांच्यामधल्या वेळात धावत घरी जाऊन यायचा. "चालून बघ आणि कळव."

मी चालून पाहिलं. किल्ल्याजवळच्या जुन्या शाळेपासून प्राइड हिलचा चढ, मग मार्डोलची उतरती गल्ली, खाली सेव्हर्न नदीवरचा वेल्श पूल. हा पूल १७९५ चा, म्हणजे तो मुलगा याच दगडांवरून पळाला. पलीकडे फ्रँकवेल, तिथे कृष्णाकाठासारखंच घराघरांत पाणी शिरायचं. मग माउंटचा चढ आणि वर लाल विटांचं ते घर, जिथे १२ फेब्रुवारी १८०९ ला तो जन्मला. तेवीस मिनिटं लागली. तसं कळवलं. उत्तर आलं, "चालून कशाला गेलीस? तो पळत जायचा." मी पुढच्या रविवारी पळाले. अकरा मिनिटं. परत येताना उशीर होणार असं वाटलं की डार्विन देवाचा धावा करायचा आणि वेळेत पोहोचला की श्रेय पायांना न देता देवाला द्यायचा, हे त्यानं म्हातारपणी लिहून ठेवलंय. वेल्श पुलावर धाप लागून थांबले तेव्हा मला ते अगदी खरं वाटलं.

जुन्या शाळेच्या कमानीवर दोन दगडी विद्यार्थी उभे आहेत, खाली ग्रीक अक्षरं. सरांनी अर्थ विचारला. शाळा १८८२ मध्ये नदीपलीकडे किंग्सलंडला गेली आणि ही इमारत आता वाचनालय आहे, म्हणून आतल्या ग्रंथपालबाईंना विचारलं. "विद्येची आवड असेल तर विद्वान होशील," असा त्याचा अर्थ. सरांनी उलट टपाली लिहिलं, "आवड पहिली ठेवली आहे, ते बरं केलं."

त्या शाळेनं पुढेही माणसं घडवली. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस तिथलेच, विनोदी नट मायकेल पेलिन तिथले, उपपंतप्रधान झालेले हेझल्टाइन तिथले. मात्र डार्विनचं त्या शाळेबद्दलचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. माझ्या बुद्धीच्या वाढीला त्या शाळेहून वाईट काही असूच शकलं नसतं, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं आहे. बटलर आपल्या परीनं मोठे मुख्याध्यापक होते, त्यांच्या काळात शाळेचा लौकिक पार वर गेला, पुढे ते बिशपही झाले. पण समोर बसलेला मुलगा काय बघतोय हे त्यांना दिसलं नाही. सरांना दिसलं असतं. यात मला तिळमात्र शंका नाही.

अजून एक गोष्ट मला इथे आल्यावर कळली. त्या शाळेत वरच्या वर्गांना मुलींना प्रवेश मिळाला तो २००८ मध्ये. स्थापनेनंतर साडेचारशे वर्षांनी. फळ्यावरची सगळी नावं मुलांची का होती ते तेव्हा लक्षात आलं. आणि आपल्या सरांनी १९७७ मध्ये, गावातल्या शाळेत, प्रयोगशाळेची किल्ली एका मुलीच्या हातात ठेवली होती.

सर २०१६ मध्ये गेले. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सरांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. फळ्यावरचा प्रत्येक मजकूर आधी ते एका जाड वहीत उतरवायचे. त्या वह्या, माझी पत्रं, सगळ्याचा लगदा झाला. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, फोनवर सांगितलं, "गं, काही राहिलं नाही. डबा तेवढा सापडला, तिसऱ्या गल्लीतल्या चिखलात. नाव घातलेलं होतं म्हणून त्या लोकांनी आणून दिला." शाळेत आणायचे तोच पितळी डबा.

गेल्या वेळी शाळेत आले होते. प्रयोगशाळेत आता संगणक आहेत. असू देत, मुलांना ते लागतात. पण मधलं कपाट कुठे गेलं हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि मला तिथे फार वेळ थांबवलं नाही. बरण्या कुणी घरी नेल्या असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.

२०२४ च्या सप्टेंबरात एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या रोंगबुक हिमनदीवर एक बूट सापडला. आत पाऊल होतं, पावलात मोजा, आणि मोज्यावर शिवलेली नावाची लाल पट्टी: ए. सी. आयर्विन. शंभर वर्षांनी. बातमी वाचली तशी मी फोन उचलला, आणि मग आठवलं की लावायचा कुणाला. तेव्हा काकूंना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांना आधी पट्टीचा रंग विचारायचा असता."

समितीला एकच विनंती. मी समारंभाला येते आहे, आदल्या रविवारीच पोहोचते. जिन्याखालचा फळा अजून असेल तर त्यावर रंग देऊ नका, सोमवारची सकाळ माझ्यासाठी मोकळी ठेवा. आयर्विनचा मजकूर अर्धा राहिला आहे, तो मी पुरा करणार आहे. पांढरा खडू लागेल, आणि नावासाठी एक लाल.